पोरं पळतात म्हणे, पण कागद कुणी दिला त्यांना?

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा (म्हणजे अमेरिकन फुटबॉल, आपल्याकडचा नव्हे) सीझन संपत आला की दरवर्षी तेच रडगाणं सुरू होतं. कोच मंडळी माईकसमोर येतात आणि सांगतात की खेळाडू भरती करणं आता अशक्य झालंय, सतरा-अठरा वर्षांची पोरं पहिल्याच फोनवर किती देणार ते विचारतात, यंदा घासाघीस करून आणलेला पोरगा पुढच्या वर्षी दुसऱ्याच कॉलेजच्या जर्सीत दिसतो, निष्ठा म्हणून काही राहिलंच नाही वगैरे वगैरे. त्यावर लगेच समोरून उत्तर येतं की तुम्ही कोट्यवधी कमावता तेव्हा चालतं, मग पोरांनी का कमवू नये? झालं, एक बाजू म्हणते पैशाने वाटोळं केलं, दुसरी म्हणते पैसा मिळाला म्हणजे न्याय झाला. मला दोन्ही बाजूंचं ऐकताना वाटत राहतं की अरे, भांडण भलत्याच गोष्टीवर चाललंय. कॉलेजची भरती पैशाने बिघडलेली नाही, पैसा तिथे पहिल्या दिवसापासून आहे. बिघडली ती पैसा उघडपणे आला पण त्याच्याबरोबर यायला हवा होता तो करार आला नाही म्हणून. खेळाडूला नोकर म्हणायचं नाही, म्हणून त्याच्याशी नोकरासारखा करार करायचा नाही, आणि मग तो करारात बांधलेल्या माणसासारखा वागत नाही म्हणून बोंब ठोकायची, असा हा प्रकार आहे.

ज्यांना हे प्रकरण लांबचं वाटतं त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्याकडे ही सिस्टिम माहितीय ती सोमदेव देववर्मनमुळे, जो व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीकडून २००७ आणि २००८ ला एनसीएएचा सिंगल्स चॅम्पियन झाला, किंवा तेजस्विन शंकरमुळे, जो कॅन्सस स्टेटकडून उंच उडीत चॅम्पियन होता. एनसीएए म्हणजे कॉलेज खेळांची शिखर संस्था, सुमारे ११०० कॉलेजं आणि पाच लाखांवर खेळाडू. यात आयपीएलसारखा लिलाव नाही, व्यावसायिक लीगसारखा ड्राफ्ट (टीमनी आळीपाळीने खेळाडू निवडणं) नाही, कुठल्या कॉलेजात जायचं हे पोरगं स्वतः ठरवतं. त्यामुळे कोचला एकेकाच्या घरी जाऊन बसावं लागतं, आईशी बोलावं लागतं, शाळेच्या कोचला धरावं लागतं, आणि हे सगळं एकाच वेळी दहा कॉलेजं त्याच पोराच्या मागे लागलेली असताना. ही मेहनत खरीच आहे, ती मी नाकारत नाही. माझा आक्षेप आहे तो 'पूर्वी असं नव्हतं' या वाक्याला.

पूर्वी कधी? अमेरिकेत दोन कॉलेजांमध्ये झालेली पहिली स्पर्धा म्हणजे १८५२ ची हार्वर्ड आणि येलची बोटींची शर्यत, न्यू हॅम्पशायरमधल्या एका तलावावर. तिचा खर्च केला एका रेल्वे कंपनीने, कारण त्या भागात पर्यटक यावेत आणि त्यांनी तिकिटं काढावीत असं कंपनीला वाटत होतं. म्हणजे कॉलेज खेळांचा जन्मच स्पॉन्सरच्या मांडीवर झालाय. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला येलचा जेम्स होगन नावाचा फुटबॉल कॅप्टन होता, वय पंचविशी ओलांडलेलं, राहायला उत्तम खोल्या, क्युबाची सहल, आणि कॅम्पसवर विकल्या जाणाऱ्या सिगारेटवर कमिशन. हा 'हौशी' खेळाडू बरं का! १९२९ ला कार्नेगी फाउंडेशनने मोठा अहवाल काढला त्यात तपासलेल्या दर चार कॉलेजांपैकी साधारण तीन या ना त्या मार्गाने खेळाडूंना पैसे किंवा सवलती देत होती. १९४८ ला एनसीएएने खेळाडूंना पैसे देण्यावर बंधन घालणारे 'सॅनिटी कोड' म्हणून नियम केले, १९५० ला सात कॉलेजांनी ते पाळले नाहीत म्हणून त्यांना काढून टाकायचा ठराव आला, आणि दोन तृतीयांश मतं मिळाली नाहीत म्हणून तो पडला. का पडला असेल? हकालपट्टीला मत द्यायचं तर आपला स्वतःचा हिशोब तरी साफ पाहिजे ना. पुढच्याच वर्षी तो कोडच गुंडाळला.

क्रिकेटवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. इंग्लंडमध्ये १९६२ पर्यंत 'जंटलमन' आणि 'प्लेअर' असे दोन प्रकार होते, हौशी माणसाने पैसे घ्यायचे नाहीत, आणि डब्ल्यू जी ग्रेस नावाचे हौशी गृहस्थ खर्चाच्या नावाखाली भल्याभल्या व्यावसायिकांपेक्षा जास्त कमवत होते. हौशीपणा हा बहुतेक वेळा पैसे न घेण्याचा नियम नसतोच, पैसे कुणी घेतलेले चालतील याचा असतो.

आता निष्ठेकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त गळे तिथे काढले जातात. १९७३ पर्यंत खेळाडूला चार वर्षांची स्कॉलरशिप देता यायची. त्या वर्षी एनसीएएने ती एका वर्षाची केली, दरवर्षी नव्याने द्यायची किंवा नाही द्यायची, आणि हा नियम जवळपास चार दशकं चालला. म्हणजे गुडघा गेला, किंवा नवीन कोचला तुमचा खेळ आवडला नाही, तर पुढच्या वर्षी फीचं तुमचं तुम्ही बघा. उलट बाजूने काय होतं? फुटबॉल-बास्केटबॉलच्या पोराने कॉलेज बदललं तर त्याला एक वर्ष खेळाविना बसावं लागायचं. १९६४ पासून 'नॅशनल लेटर ऑफ इंटेंट' होतं, पोराने त्यावर सही केली की तो त्या कॉलेजचा, आणि ज्या कोचच्या शब्दावर सही केली तो कोच दुसऱ्या दिवशी निघून गेला तरी पोरगा तिथेच. २०२१ ला कोच ब्रायन केली नोटर डेम कॉलेज सोडून एलएसयू कॉलेजला गेले तेव्हा त्यांच्या टीमची प्लेऑफला जायची शक्यता अजून शिल्लक होती. त्याला कुणी 'पळाला' म्हणत नाही, त्याला करिअर मूव्ह म्हणतात. टेक्सस ए अँड एम कॉलेजने २०२३ ला कोच जिम्बो फिशरना काढलं तेव्हा साडेसात कोटी डॉलरच्या वर रक्कम द्यायची कबूल केली, काम न करण्याबद्दल! ती का द्यावी लागली? कॉलेज फार मनमिळाऊ होतं म्हणून नाही, करारात तसं लिहिलेलं होतं म्हणून. कोचकडे कागद होता. खेळाडूकडे काय होतं, तर कोचने त्याच्या आईला सोफ्यावर बसून दिलेला शब्द, म्हणजे बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात.

मग ही एकतर्फी बांधणी कोर्टात टिकेना. २०२१ च्या जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने एनसीएएविरुद्धच्या ऑल्स्टन खटल्यात ९ विरुद्ध ० असा निकाल दिला. त्यात प्रश्न फक्त शिक्षणाशी जोडलेल्या फायद्यांचा होता, पण हवा बदलली. राज्यांचे कायदे दारात उभे होतेच, त्यामुळे १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपलं नाव आणि चेहरा वापरून जाहिरातीतून पैसे कमवायची परवानगी मिळाली, ज्याला सगळे एनआयएल म्हणतात. त्याच वर्षी एकदा कॉलेज बदलायला बसून राहण्याची अट गेली आणि २०२४ ला तर कितीही वेळा बदला असं झालं. २०२५ च्या जूनमध्ये खेळाडूंनी एनसीएएवर भरलेल्या हाऊस खटल्याची तडजोड मंजूर झाली, त्यात जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर भरपाई, आणि पहिल्या वर्षी एकेका कॉलेजला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट खेळाडूंना वाटायची मुभा. म्हणजे दीडशे वर्षांचं बांध घातलेलं पाणी चार वर्षांत सोडलं आणि कालवा मात्र कुणीच खणला नाही.

कोचांच्या तक्रारीत तथ्य किती? भरपूर आहे, आणि 'बाजार आहे, चालायचंच' म्हणणाऱ्यांना ते दिसत नाही हा माझा त्यांच्यावरचा राग. सगळ्यात मोठा फटका बसलाय तो शाळेतून बाहेर पडणाऱ्या पोराला. कोचच्या जागी बसून बघा ना, तुम्हाला दोन वर्षांत जिंकायचंय नाहीतर नोकरी जाणार, आणि समोर दोन पर्याय आहेत, एक अठरा वर्षांचा मुलगा जो तयार व्हायला दोन वर्षं लागतील आणि तयार झाला की दुसरीकडे जाईल, दुसरा पोर्टलमधला (कॉलेज बदलू पाहणाऱ्यांच्या ऑनलाइन यादीतला) बावीस वर्षांचा, ज्याचा कॉलेज लेव्हलवरचा खेळ व्हिडिओवर दिसतोय. कुणाला घ्याल? मुलाला घडवायचा खर्च तुम्ही करायचा आणि पीक दुसऱ्याने कापायचं, असं असेल तर पेरणी कोण करेल? लहान कॉलेजांची तर फुकटची नर्सरी झालीय. दुसरं म्हणजे दरवर्षी कॉलेज बदलणाऱ्याचे अभ्यासाचे क्रेडिट सगळे पुढे जातातच असं नाही, आणि व्यावसायिक लीगमध्ये पोचणारे शंभरात दोनेक, बाकीच्यांना डिग्रीच कामाला येणार. तिसरं, अठराव्या वर्षी एजंट म्हणून कोण कोण अंगाला चिकटतं ते विचारू नका, व्यावसायिक लीगमध्ये निदान खेळाडू संघटना एजंटला लायसन्स तरी देते. आणि पोर्टलमध्ये नाव टाकलेल्या प्रत्येकाला नवीन घर मिळतंच असं नाही, बातम्या होतात त्या लाखो डॉलरवाल्यांच्या, जुनी स्कॉलरशिप सोडून हात हलवत बसलेल्यांच्या कोण करणार.

पण हे सगळं पैशामुळे झालं का? नीट बघा, यातली एकेक तक्रार कराराच्या मुदतीची आहे. सगळे खेळाडू दरवर्षी एकाच वेळी मोकळे होतात, ही खरी अडचण. आणि याचं उत्तर पन्नास वर्षांपूर्वी बेसबॉलने देऊन ठेवलंय, फक्त कुणाला ते वाचायचं नाहीये.

बेसबॉलमध्ये १८७९ पासून 'रिझर्व्ह क्लॉज' होता, म्हणजे करार संपला तरी खेळाडू त्याच मालकाचा, जन्मभर. कर्ट फ्लड या खेळाडूला १९६९ ला न विचारता दुसऱ्या टीमला देऊन टाकलं तेव्हा तो कोर्टात गेला आणि १९७२ ला सुप्रीम कोर्टात हरला. शेवटी १९७५ च्या डिसेंबरमध्ये एका लवादाने तो क्लॉज मोडीत काढला. मालकांचं रडगाणं तेव्हाही हुबेहूब आजच्या कोचांसारखंच होतं, निष्ठा संपली, खेळ बुडाला, श्रीमंत टीमच जिंकणार. आणि इथे एक फार मजेशीर गोष्ट घडली. ओकलंडचा मालक चार्ली फिनली, अतिशय विक्षिप्त माणूस, म्हणाला की मग दरवर्षी सगळ्यांनाच मोकळं करा की. बाकीच्या मालकांनी त्याला वेड्यात काढलं. घाबरला तो खेळाडू संघटनेचा नेता मार्व्हिन मिलर! कारण त्याला अर्थशास्त्र कळत होतं, दरवर्षी शेकडो खेळाडू एकदम बाजारात आले तर वरचे मूठभर सोडून बाकीच्यांचा भाव पडणार. त्यामुळे १९७६ ला संघटना आणि मालक टेबलावर बसले आणि ठरलं की सहा वर्षं खेळल्यावर खेळाडू मोकळा. म्हणजे बंधन खेळाडूंच्या प्रतिनिधीनेच मान्य केलं, कारण त्याच्या बदल्यात काय मिळतंय ते त्याला दिसत होतं. ज्याने खेळाडू घडवला त्याला काही वर्षं फळ मिळालं, खेळाडूला तारीख माहीत झाली, आणि बेसबॉल बुडालं नाही. आज कॉलेजात जे चाललंय ना, ते फिनलीच्या थट्टेवारी सूचनेचं प्रत्यक्षात आलेलं रूप आहे. फक्त समोर मिलर नाहीये.

'मिलर नाहीये' हे मी सहज म्हटलं पण अख्खा घोळ तिथेच आहे. अमेरिकन कायद्यात मालकांनी एकत्र येऊन पगारावर परस्पर मर्यादा घातली तर तो मक्तेदारी कायद्याचा भंग होतो. एनएफएलला (व्यावसायिक फुटबॉल लीगला) सॅलरी कॅप, म्हणजे पगाराची कमाल मर्यादा, चालते कारण ती खेळाडू संघटनेशी सामूहिक वाटाघाटी करून ठरलेली आहे. एनसीएएकडे वाटाघाटी करायला समोर कुणीच नाही, कारण समोर कुणी असू शकतं हेच तिला मान्य नाही. म्हणून ती कुठलाही नियम करू देत, कुणीतरी कोर्टात जातो आणि नियम पडतो. नॉर्थवेस्टर्नच्या फुटबॉल खेळाडूंनी २०१४ ला युनियन मागितली, पुढच्या वर्षी कामगार मंडळाने हात झटकले. डार्टमथच्या बास्केटबॉल पोरांनी २०२४ ला १३ विरुद्ध २ मतांनी युनियनच्या बाजूने कौल दिला, कॉलेजने मानलं नाही, आणि वर्षअखेरीला ती मागणी मागे घेतली गेली. आता त्याऐवजी कॉलेजं अमेरिकेच्या संसदेकडे, म्हणजे काँग्रेसकडे जाऊन सांगतायत की आम्हाला मक्तेदारी कायद्यातून सूट द्या. म्हणजे समोरच्याशी बोलायचं नाही, पण बोलून जे मिळालं असतं ते सरकारकडून फुकट पाहिजे.

यावर सगळ्यात जड आक्षेप लहान खेळांचा आहे, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. पोहणं, कुस्ती, ॲथलेटिक्स, रोइंग यातून उत्पन्न बहुतेक ठिकाणी जवळपास शून्य, ते फुटबॉलच्या पैशावर चालतात. पॅरिस ऑलिंपिकला अमेरिकेच्या टीममधले जवळपास तीन चतुर्थांश खेळाडू कॉलेज सिस्टिममधून आलेले होते. फुटबॉलवाल्यांना पगार दिला तर हे खेळ मरतील, असं म्हणतात. भीती खोटी नाही, हाऊस तडजोडीत स्कॉलरशिपच्या जागी रोस्टरची, म्हणजे टीममध्ये किती जण ठेवायचे याची, मर्यादा आली, फुटबॉलची १०५, आणि त्यापायी बऱ्याच खेळांतल्या स्कॉलरशिपशिवाय खेळणाऱ्या पोरांच्या जागा गेल्या, हे झालंच. पण स्टॅनफर्डने एकदम अकरा खेळ बंद करायची घोषणा केली ती कधी? जुलै २०२० मध्ये. तेव्हा खेळाडूला जाहिरातीचा एक डॉलरही घेता येत नव्हता. (आरडाओरडा झाल्यावर २०२१ ला निर्णय मागे घेतला ती गोष्ट वेगळी.) म्हणजे खेळ बंद करायला खेळाडूंचा पगार हे कारण कधीच लागलेलं नाही. आणि खेळाडूंना देत नव्हते तेव्हा तो पैसा लहान खेळांकडे जात होता का? थोडा जात होता. बाकीचा भरतीतच जात होता, फक्त वेगळ्या वेषात. क्लेमसन युनिव्हर्सिटीने २०१७ ला फुटबॉलसाठी साडेपाच कोटी डॉलरची इमारत उघडली, तिच्यात मिनी गोल्फ, बोलिंग आणि चक्क घसरगुंडी आहे. सहा फुटी, सव्वाशे किलोच्या पोरांसाठी घसरगुंडी! कारण पोराच्या हातात पैसे द्यायला बंदी होती, त्याच्या डोळ्यांसमोर उधळायला नव्हती. एका काळात एनसीएएच्या नियमांप्रमाणे खेळाडूला बेगल (एक गोल पाव) दिलेला चालायचा पण त्यावर क्रीम चीज लावलं की ते जेवण ठरायचं, इतका बारीक कीस काढणाऱ्या लोकांना घसरगुंडीत काही खटकलं नाही.

आणि लहान खेळांची भरती किती पवित्र होती तेही आठवून बघा. २०१९ ला एफबीआयने जे प्रवेश घोटाळ्याचं प्रकरण बाहेर काढलं त्यात श्रीमंतांच्या मुलांना सेलिंग, रोइंग, वॉटर पोलोचे खेळाडू म्हणून दाखवून नामवंत कॉलेजांत घुसवलं होतं, आणि काही कोचांनी आपल्या भरतीच्या जागा विकल्या होत्या. ज्या खेळांत पैसा नाही तिथे भरतीची जागाच पैसा झाली.

पाचही लाख खेळाडूंना नोकर करा असं मी म्हणत नाहीये. डिव्हिजन थ्रीमध्ये, म्हणजे एनसीएएच्या सगळ्यात खालच्या गटात, खेळाची स्कॉलरशिपच नसते, तिथली पोरं अभ्यास सांभाळून खेळतात, त्यांना सुखाने खेळू द्या. आयव्ही लीगने (हार्वर्ड, येल वगैरे आठ नामवंत कॉलेजं) हाऊस तडजोडीतून अंग काढून घेतलं, ठीक आहे, ती त्यांची निवड. पण जिथे कॉलेज थेट पैसे वाटतंय, टीव्हीचे करार होतायत, तिथे दोन-तीन वर्षांचा करार असावा, मध्येच गेलास तर तू किंवा नवीन कॉलेज इतकी रक्कम देणार, आम्ही काढलं तर आम्ही इतकी देणार, दुखापत झाली तर खर्च आणि शिक्षण कॉलेजचं, कोच गेला तर खेळाडूलाही जायची मुभा, आणि हे सगळं खेळाडूंच्या प्रतिनिधींशी बसून ठरवलेलं. यात अडचणी आहेत, काही राज्यांत सरकारी कर्मचाऱ्यांना सामूहिक वाटाघाटीचा हक्कच नाही आणि बरीच मोठी कॉलेजं सरकारी आहेत, परदेशी पोरांचं तर अजून अवघड, विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसावर कॅम्पसबाहेरच्या कमाईला इतकी बंधनं आहेत की शेजारच्या लॉकरवाला जाहिराती करतो आणि आपल्याकडून गेलेला बघत बसतो. हे मला सुटलेलं नाही. पण हे कायदा लिहून सुटण्यासारखे प्रश्न आहेत. आजचा प्रकार कसा सुटणार?

गंमत म्हणजे कॉलेजांनाही हे आतून कळलंय. १९६४ पासूनचं ते लेटर ऑफ इंटेंट ऑक्टोबर २०२४ ला बंद झालं आणि त्याच्या जागी पैसे वाटपाचे करार आले, त्यात हळूच 'सोडून गेलास तर भरून दे' अशी कलमं घातली जातायत. जून २०२५ मध्ये विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटी थेट मायामी युनिव्हर्सिटीविरुद्ध कोर्टात गेली, तक्रार अशी की आमच्याशी दोन वर्षांचा करार केलेला खेळाडू तुम्ही फितवून नेलात. म्हणजे या कोर्टात एक कॉलेज सांगतंय की खेळाडूचा आमच्याशी पक्का करार होता, तो मोडल्याने आमचं नुकसान झालं, आणि वॉशिंग्टनमध्ये कॉलेजांचीच माणसं खासदारांना समजावतायत की काहीही करा, पण या मुलांना नोकर ठरवू नका.